एकवीस बेदाणे आणि अर्धा पेला

२ मार्च, सोमवार

ही वही आजपासून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मामा काय खातात, काय पितात आणि त्यानंतर त्यांना कसं वाटतं ते रोज लिहून ठेवा, महिन्यानं मला दाखवा. त्या हे सगळ्यांनाच सांगत असाव्यात आणि कुणी लिहीत नसावं, कारण मी "वेळही लिहू का?" असं विचारल्यावर त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

झालं ते असं. गेल्या गुरुवारी बाजारातून येताना मामा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले. छातीवर हात, कपाळावर घाम. मी वर खोलीत होतो. पिशवी पडल्याचा आवाज आला म्हणून मला कळलं. पिशवी पडली नसती तर कळलं नसतं. दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदयाची एक वाहिनी थोडी अरुंद झाली आहे. घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. दोनदा का म्हणाल्या ते मला कळलं नाही.

सकाळी दोन गोळ्या, रात्री एक. मीठ कमी, तळलेलं बंद, रोज अर्धा तास चालायचं. जुना काही आजार, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, काही नाही. लहानपणी त्यांना दमा होता, पण तो मिसरूड फुटली तेव्हाच गेला. छापखान्याच्या धुळीत एकतीस वर्षं काढली तरी परत आला नाही, हे ते लोकांना अभिमानानं सांगतात. मला मध्येच सांगावंसं वाटलं, पण मोठी माणसं बोलत असताना तोंड घालणं बरं दिसलं नसतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मला त्यांनीच वाढवलं. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि पलीकडच्या खोलीत पाढे लिहीत होतो. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यानंतर शाळेत बसलो की घरी काहीतरी होत असेल असं वाटायचं. आठवी अर्ध्यावर असताना मी जायचंच सोडलं. मामा रागावले नाहीत. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधीचे कागद ते संध्याकाळी घरी आणायचे आणि चुका शोधून समासात लाल पेन्सिलीनं खुणा करायचे. मी समोर बसून मूळ मजकुरावर बोट ठेवून जुळवत जायचो. माझं शिक्षण ते एवढंच, पण शुद्धलेखन पक्कं आहे.

त्यांची खाट आणि माझी खाट यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. गुरुवारपासून मी त्यांचा श्वास मोजतो. मिनिटाला सोळा. झोप म्हणावी तशी लागत नाही.

४ मार्च, बुधवार

मामांच्या खाटेखाली त्यांनी तपासलेल्या मासिकांचे गठ्ठे आहेत. त्यांत आरोग्यावरचंही एक आहे. ते बंद पडूनसुद्धा सात वर्षं झाली. काल आणि आज मिळून मी त्याचे चाळीस अंक पाहिले आणि शेवटी सापडलं: 'लाल वाइन आणि बेदाणे, हृदयाचे दोन सोबती'. जेवणासोबत अर्धा पेला लाल वाइन आणि रोज मूठभर बेदाणे घेतल्यानं रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, असं त्यात आहे. द्राक्षाच्या सालीत काही गुण असतो. द्राक्ष वाळवलं किंवा आंबवलं तरी तो जात नाही.

लेख तीनदा वाचला. एकही चूक नाही, ना ऱ्हस्व-दीर्घाची, ना आकड्यांची.

आणि मी कामाला कुठे आहे, तर बेदाण्याच्याच शेडमध्ये. सहा वर्षं ते माझ्या बोटांखालून जात आहेत.

लेख मामांना दाखवला. त्यांनी हात लांब करून वाचला आणि एक स्वल्पविराम आज आपण दिला नसता असं म्हणाले. मी म्हणालो, तुम्हीच तपासलेला आहे, म्हणजे खरा असणार.

"अरे कारकुना," मामा म्हणाले, "आम्ही शुद्धलेखन बघायचो. खरं-खोटं बघायचं खातं आमच्याकडे नव्हतं."

मी सगळं लिहून ठेवतो म्हणून ते मला कारकून म्हणतात. चेष्टा केली असणार. ज्या माणसानं एवढा नीट लेख लिहिला, त्यानं बाकीचंही नीटच पाहिलं असणार.

६ मार्च, शुक्रवार

आधी डॉक्टरीणबाईंना विचारावं म्हणून दवाखान्यात गेलो. त्या बाहेर गेल्या होत्या. कंपाउंडरला विचारलं, हृदयाला बेदाणे चांगले का? तो म्हणाला, चांगलेच की. वाइनचं विचारणार होतो, पण मागे सहा माणसं उभी होती आणि त्यांतल्या दोन बायका आमच्याच जिन्यातल्या.

मग दारूच्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. आधी त्याच्यासमोरून तीन वेळा पुढे गेलो. चौथ्यांदा दुकानदारानंच हाक मारली आणि कुणासाठी हवी ते विचारलं. मी खरं ते सांगितलं, हृदयासाठी.

"हृदयासाठी बरेच येतात, भाऊ," तो म्हणाला. "तुटलेलं की चालू?"

मला हसू आलं नाही. त्यानं मध्यम प्रतीची बाटली दिली. तिथेच उभं राहून लेबल पूर्ण वाचलं आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायला बरं म्हणून इथे उतरवून ठेवतो: लाल द्राक्षांची कोरडी वाइन, ७५० मिलि, मद्यार्क १३ टक्के, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, सल्फाइट आहे. हे शेवटचं फार बारीक अक्षरात आहे. ते काय असतं ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. म्हणाला, सगळ्याच बाटल्यांवर असतं, म्हणजे चांगलंच असणार.

७ मार्च, शनिवार

आज सुरुवात केली.

पहिली अडचण मापाची. लेखात 'अर्धा पेला' आहे, पण कुठला पेला ते नाही. घरात तीन आहेत: स्टीलचा, काचेचा आणि मामा दाढीला घेतात तो. तिन्ही अर्धे भरून खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजले. टोपण दहा मिलिचं. सरासरी आठ टोपणं आली. 'मूठभर'चंही तसंच. मामांना तीनदा मूठ भरायला लावली. एकोणीस, तेवीस, एकवीस. एकवीस धरले.

बेदाणे शेडमधून आणले. आमच्याकडे दोन प्रकारचा माल येतो. एक नुसता उन्हात वाळलेला, काळा, सुरकुतलेला. दुसरा सोनेरी. त्याला गंधकाची धुरी देतात. मागे एक बंद खोली आहे. तिथे जाळ्यांवर माल पसरतात, खाली गंधक पेटवतात आणि दार लावून घेतात. दार उघडायच्या वेळी आम्ही तोंडाला फडकी बांधतो, तरी डोळ्यांतून पाणी येतं आणि घसा धरतो. पण रंग असा येतो की बघत राहावं. टेबलाशी बसून त्यातला एक नंबरचा माल वेगळा काढायचा हे माझं काम. शनिवारी प्रत्येकाला घरी न्यायला थोडा माल मिळतो.

मी सोनेरी निवडत होतो तेव्हा मुकादमबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घरी खायला काळे ने की बाबा, आम्ही सगळ्या तेच नेतो. बाई मनानं चांगल्या आहेत, पण शेवटी मुकादम. चांगला माल पेटीतच जावा असं त्यांना वाटणारच. मी म्हणालो, मामांसाठी आहेत. मग त्या वजनकाट्याकडे गेल्या. मी एकेक उजेडात धरून घेतला. डाग नाही, देठ नाही, रंग जितका फिका तितका बरा. मामांच्या हृदयाला मी काळा माल घालणार नाही.

संध्याकाळी साडेसातला जेवण. मामांनी पेला नाकाशी नेला आणि छापखान्यात जुनी शाई अशी वास मारायची असं म्हणाले. तीन घोटांत संपवला. औषध म्हणून वाईट आहे, दारू म्हणून त्याहून वाईट, हा त्यांचा अभिप्राय. मग बेदाणे खाल्ले. तेवढ्यात शेजारचे निवृत्त कंडक्टर डोकावले आणि आपलंही हृदय अलीकडे बरं नसतं असं सांगू लागले. मी बाटलीला बूच लावलं.

सात पन्नासला मामांना पाच-सहा वेळा खोकला आला. खिडकी उघडली. सवय नाही म्हणून. श्वास अठरा.

१० मार्च, मंगळवार

उद्यापरवापर्यंत बदल दिसणार नाही हे मला कळतं. पण माझ्यात झाला आहे. तीन दिवस मी पडदा सरकवून पाहायला उठलो नाही. आपण काहीतरी करतो आहोत, एवढ्यानंच मन थाऱ्यावर येतं. बेदाणे आता सकाळी चहाबरोबर देतो आणि वाइन संध्याकाळी, म्हणजे दिवसाची दोन्ही टोकं बांधली गेली.

सकाळी मामा विचारतात, "काय कारकून, झोप लागली का?" मी म्हणतो, लागली. मग ते तळहात पुढे करतात आणि मी एकवीस मोजून ठेवतो.

खोकला: सकाळी आठ दहाला थोडा, संध्याकाळी आठला थोडा. जिन्यात रंगकाम चालू आहे. त्या वासानं होत असेल.

१४ मार्च, शनिवार

रंगकाम संपून तीन दिवस झाले. खोकला आहेच. आता वाटतं की गादीतली धूळ असावी. दुपारी दोन्ही गाद्या गच्चीवर नेऊन बडवल्या. कंडक्टर म्हणाले, तू मामाला बडवतो आहेस असा आवाज येतोय खाली.

खिडकी आता रोज उघडी लागते. मामा म्हणतात, हवा छान आहे. हवा काही फारशी छान नसते. समोर गॅरेज आहे.

शेडमधून आजही पहिल्या प्रतीचे आणले. मुकादमबाईंनी पाहिलं, पण त्या वजनकाट्याशी होत्या.

१८ मार्च, बुधवार

रविवारी बाटली संपली आणि नेमकं दुकान तीन दिवस बंद. बेदाणेही रविवारीच संपले, कारण कंडक्टरांची नात आली होती आणि मामांनी तिच्या ओंजळीत सगळे ओतले. म्हणजे सोमवार, मंगळवार आणि आज सकाळ, सगळं कोरडं. मी फार घाबरलो होतो.

आणि घडलं उलटंच. मंगळवारी मामा चौथ्या पायरीवर न थांबता थेट वर आले. खोकला नाही. श्वास पंधरा. मी दोनदा मोजला.

यावर पुष्कळ विचार केला. शेवटी लक्षात आलं की औषधाचा गुण उशिरा दिसतो. नऊ दिवसांत जे पोटात गेलं त्याचं फळ आता मिळतं आहे. म्हणजे मार्ग बरोबर आहे, मापच कमी पडतं. उद्यापासून बारा टोपणं आणि तीस बेदाणे; शनिवारपर्यंतचे शेडमधून विकत घेईन.

मात्र दोन्ही रात्री मी जागाच होतो. आज सकाळी मामांनी विचारलं, झोप लागली का? मी खोटं बोलत नाही. म्हणालो, नाही लागली, तुमचं चुकतंय ना दोन दिवस, म्हणून. मामांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "दुकान उघडलं की घेऊन ये एक बाटली."

स्वतःहून म्हणाले. मला इतकं बरं वाटलं.

२३ मार्च, सोमवार

माप वाढवून पाच दिवस झाले.

मामा दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपतात. पाठ दुखते म्हणतात. श्वास बावीस. आणि श्वासाच्या शेवटी एक बारीक आवाज येतो, किटली उकळायच्या आधी येतो तसा. कंडक्टरांनाही तो ऐकू आला. म्हणाले, शोधकसाहेब, छातीत शिट्टी वाजतेय तुमच्या. मामा म्हणाले, शिट्टी वाजली म्हणजे गाडी सुटली, तुमची सगळी नोकरी त्यावरच गेली. दोघं हसले. मामांचं हसणं खोकल्यात गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

मी विचारलं, छातीत कसं वाटतं? म्हणाले, मस्त. 'म' आणि 'स्त' यांच्या मध्ये त्यांनी श्वास घेतला.

वाहिनी आणखी अरुंद होत असेल का? डॉक्टरीणबाईंची तारीख तीस आहे. उद्याच जाऊ या असं म्हणालो तर मामा म्हणाले, तारीख दिली आहे ना, मग तारखेला जायचं. एकदा मनात आलं की सगळं दोन दिवस बंद ठेवून पाहावं. पण बंद ठेवलं आणि त्याच दोन दिवसांत हृदयाला काही झालं तर? तर मी काय उत्तर देणार, आणि कुणाला?

मला मात्र झोप लागते. याची लाज वाटते.

२७ मार्च, शुक्रवार

रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहितो आहे.

काल, पुन्हा गुरुवारच. साडेसातला बारा टोपणं दिली. सकाळचे बेदाणे मामांनी खिशात ठेवले होते, ते माझ्या लक्षात आले. मी म्हणालो, मामा, हे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ले. सगळे तीस.

सात पन्नासला ते उठून खिडकीशी गेले. गजांना दोन्ही हातांनी धरलं. खांदे वर जात होते आणि खाली येत नव्हते. मी पाठीवर हात ठेवला तर आत काहीतरी घट्ट आवळल्यासारखं लागलं. ओठांचा रंग बदलला. बोलायला लागले तर एकेक शब्द सुटा पडत होता. "घाबरू", मग श्वास, मग "नको". मी कंडक्टरांना हाक मारली. माझ्या आवाजानं तिन्ही मजल्यांची दारं उघडली. कंडक्टरांनी गॅरेजमधली गाडी आणवली. ते आणि गॅरेजवाला यांनी मामांना खुर्चीसकट खाली नेलं. मी मागून वही घेऊन उतरलो. अंगात शर्ट उलटा होता, पण वही घेतली होती.

आत तोंडाला वाफेचं औषध लावलं आहे. मला काचेतून दिसतं. खांदे खाली येतात. मी मोजतो आहे. अठ्ठावीस. आता सव्वीस.

नर्सनं विचारलं, दम्याचे पेशंट का? मी म्हणालो, नाही, हृदयाचे. मग म्हणालो, लहानपणी होता. ती झरझर काहीतरी लिहायला लागली.

२८ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाई इथेही येतात. त्यांनी मामांना तपासलं. हृदय ठीक आहे म्हणाल्या, महिन्यापूर्वी होतं तसंच. जे झालं ते श्वासनळ्यांचं. मग मला विचारलं की घरात नवीन काय आणलं, खाण्यात काय बदललं.

मी वही दिली.

त्या उभ्या उभ्या वाचायला लागल्या आणि मग खाटेच्या कडेला बसल्या. आठ दहा, सात पन्नास, आठ, अशा माझ्या वेळांवरून त्यांचं बोट खाली खाली जात होतं. तीन कोरड्या दिवसांपाशी ते थांबलं. तिथून त्या मागे गेल्या, सात तारखेपर्यंत. एक बोट धुरीच्या खोलीवर ठेवलं. पान उलटून दुसरं बोट बाटलीच्या लेबलवर, त्या बारीक अक्षरांतल्या शब्दावर.

"सोनेरीच का निवडलेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, रंगामुळे.

मग त्यांनी मला समजावलं. गंधकाच्या धुराचा अंश फळात उरतो, आणि फळ जितकं फिकं आणि चकचकीत तितका बहुधा जास्त. बाटलीवरचं सल्फाइट त्याच घराण्यातलं. बहुतेकांना त्याचं काही होत नाही, पण ज्यांचा मूळचा दमा आहे त्यांतल्या काहींच्या श्वासनळ्या त्यानं आवळतात. मामांचा दमा गेला नव्हता, तो पन्नास वर्षं गप्प बसला होता. शेडमधला सगळ्यांत वाईट माल कुठला, असं कुणी विचारलं असतं तर मी काळ्या ढिगाकडे बोट दाखवलं असतं. नुसत्या उन्हात वाळलेला तोच मामांना चालला असता.

लेखाबद्दल त्या म्हणाल्या की असे लेख पुष्कळ निघाले, पण जो पीत नाही त्यानं हृदयासाठी प्यायला सुरुवात करावी असं आज कुठलाही शहाणा डॉक्टर सांगणार नाही.

मग त्या मामांकडे वळल्या. म्हणाल्या, तुम्हाला कळलं नाही का, खाल्लं की त्रास होतो ते? मामांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"दुसऱ्या आठवड्यात शंका आली होती."

"मग बंद का नाही केलंत?"

मामा माझ्याकडे पाहत नव्हते. सलाइनच्या नळीकडे पाहत होते. "पोरगं झोपायला लागलं होतं," ते म्हणाले. मास्क परत लावला.

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली. ही वही नसती तर आम्ही आणखी महिनाभर हृदयच शोधत बसलो असतो, असं काहीतरी त्या जाताना म्हणाल्या. मी नीट ऐकलं नाही.

३१ मार्च, मंगळवार

आज कामावर गेलो. टेबलावर सोनेरी माल होता. मी हात लावला नाही. मुकादमबाईंनी काही न विचारता मला पेट्यांना चिठ्ठ्या लावायच्या कामावर बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का? त्या म्हणाल्या, "मला कुठलं ठाऊक, बाबा. माझ्या सासूला ते सोनेरी खाल्ले की घशात खवखवायचं, म्हणून आम्ही काळे न्यायला लागलो. एकीचं बघून दुसरीनं." मग डबा बंद करता करता म्हणाल्या, "मालकाचा माल वाचवते असं वाटलं होय तुला?"

मी नाही म्हणालो. खोटं बोललो, आणि ते त्यांना कळलं.

वही लिहायचं आता काही कारण नाही, डॉक्टरीणबाईंनी पाहिली आहे. तरी एक वाक्य राहिलं आहे, ते लिहितो. मी मामांना मोजून मापून मारत होतो.

५ एप्रिल, रविवार

मामा गुरुवारी घरी आले. आता तोंडात मारायचा एक फवारा आहे, तो खिशात ठेवायचा. वाइनची बाटली मी मोरीत ओतली. कंडक्टर शेजारी उभे राहून हळहळले. काळ्या बेदाण्यांचं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, या वेळी स्वतः, समोरासमोर, मागे नऊ माणसं असताना. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस काहीच नको. मग धुरी न दिलेले दोन-चार खाऊन पाहू द्या, चालले तर चालले. औषध म्हणून नाही, खाऊ म्हणून.

आज सकाळी चहा ठेवत होतो. मामा खाटेवर बसून म्हणाले, "काय कारकून, झोप लागली का?"

लागली म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी लागली म्हणालो की ते तळहात पुढे करायचे, आणि त्या तळहातावर मी काय ठेवत होतो ते मला आता ठाऊक आहे. म्हणालो, "नाही लागली. घरी आल्यापासून एकदाही नाही."

मामा खाटेच्या कडेला सरकले. खाटेखाली हात घालून त्यांनी जुना डबा काढला. त्यात त्यांच्या लाल पेन्सिली असतात. एक निवडून तिला टोक काढलं.

"वही आण," ते म्हणाले. "कुठलं वाक्य झोपू देत नाही ते दाखव."

मी दाखवलं. त्यांनी पान उजेडाकडे धरलं आणि वाचलं, नेहमी वाचतात तसं, ओठ न हलवता. मग वाक्यावरून एक सरळ रेघ ओढली आणि समासात ती खूण काढली, गोल घेऊन शेपटी खाली सोडलेली. 'हे काढून टाका' अशी ती खूण. लहानपणापासून मी ती हजारदा पाहिली आहे, पण एखाद्या अक्षरावर, फार तर शब्दावर. पूर्ण वाक्यावर कधीच नाही. मजकूर लेखकाचा असतो, त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं आहे.

मी म्हणालो, "मामा, यात शुद्धलेखनाची चूक नाही."

"शुद्धलेखन बरोबर आहे," मामा म्हणाले. "वाक्य चूक आहे."

त्या जागी काय लिहू ते मी विचारलं. ते म्हणाले, चहा उतू जातोय. खरंच जात होता.

चहा दोघांना पुरेल एवढा उरला. त्या वाक्याखाली मी दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.